जेम्स बाँड छाप

गेल्या सत्रांत इंग्रजी कादंबरीच्या तासाला आम्हीं वर्गांतील विद्यार्थ्यांना एक लहानसा उद्योग दिला. जेम्स बाँड या नांवाबरोबर जें जें आठवेल तें तें कागदावर लिहून द्यावें, असें सांगितलें. पांच मिनिटांत कागद जमा झाले. बहुतेकांवर ००७ हा आंकडा होता. ॲस्टन मार्टिन मोटार, ओमेगा घड्याळ, वॉल्थर पिस्तूल, मद्य कसें मिसळावें याविषयींचा त्या नायकाचा सुप्रसिद्ध आग्रह, पांच-सहा नटांचीं नांवें, हें सर्व होतें. आणि संगीत शिकणाऱ्या एका मुलीनें तर चित्रपटांतील ती परिचित सुरावट स्वरलिपींत उतरवून दिली होती. इयन फ्लेमिंग हें नांव मात्र चाळिसांपैकीं अवघ्या तीन कागदांवर आढळलें. आणि विचारतां असें कळलें, कीं त्या तिघांनींही त्याची एकही कादंबरी वाचलेली नाहीं.

विद्यार्थ्यांना नांवें ठेवण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. उलट ते कागद घरीं वाचीत बसलों असतां आमच्या ध्यानांत आलें, कीं मुलांचें उत्तर अगदीं बरोबर आहे. हा नायक आज जगभर ज्या रूपांत वावरतो, त्या रूपांत तो वस्तूंचा एक संच आहे, आणि त्या संचाला कर्त्याची गरज उरलेली नाहीं. वाण्याच्या दुकानांत आपण अमुक छाप चहा मागतों, तो मळा कोणाचा हें विचारीत नाहीं. तशांतलाच हा प्रकार. कादंबरींतील एक माणूस अशी 'छाप' कसा झाला, आणि होतां होतां त्याच्यांतील काय गळून गेलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ करमणुकीचा नव्हे. आपल्या घरांतील मुलें आज ज्या कथा पाहतात त्यांतील कितीतरी नायक कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या मालकीचे आहेत. कथा वाचणें आणि छाप ओळखणें या दोहोंतील भेद त्यांना कळावा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं या एका उदाहरणाकडे नीट पाहावें अशी आमची विनंति आहे.

इयन फ्लेमिंग याचा जन्म १९०८ सालीं लंडनमध्यें एका सधन घराण्यांत झाला. आजोबा स्कॉटलंडमधून येऊन मोठे पेढीवाले झालेले. वडील पार्लमेंटचे सभासद, ते १९१७ सालीं पहिल्या महायुद्धांत कामास आले. थोरला भाऊ पीटर प्रवासवर्णनकार म्हणून आधींच नांवाजलेला. इयननें कांहीं काळ बातमीदारी केली, शेअरबाजारांत नशीब अजमावून पाहिलें, आणि १९३९ सालीं तो आरमाराच्या हेरखात्यांत, खात्याचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांचा साहाय्यक म्हणून दाखल झाला. युद्धाचीं वर्षें त्यानें बव्हंशीं टेबलाशीं बसून इतरांच्या साहसांच्या योजना आंखण्यांत घालविलीं. युद्ध संपल्यावर तो एका वृत्तपत्रसमूहाच्या परदेशी बातम्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. परंतु नोकरी पत्करतांना दर हिवाळ्यांत लांबलचक रजा मिळावी ही अट त्यानें घालून घेतली. त्या रजेसाठीं जमेका बेटांत समुद्रकांठीं 'गोल्डनआय' नांवाचें घर त्यानें बांधलें होतें. तेथेंच १९५२ च्या आरंभीं, लग्न तोंडावर आलेलें असतांना, त्यानें 'कॅसिनो रॉयल' ही आपली पहिली कादंबरी लिहून काढली. एप्रिल १९५३ मध्यें जोनाथन केप या संस्थेनें ती प्रसिद्ध केली.

नायकाचें नांव त्यानें कोठून घेतलें हें पाहण्यासारखें आहे. वेस्ट इंडीज बेटांतील पक्ष्यांविषयींचें १९३६ सालचें एक पुस्तक त्याच्या संग्रहीं होतें. त्या पुस्तकाच्या अमेरिकन कर्त्याचें नांव जेम्स बाँड. फ्लेमिंगला तें पसंत पडलें तें त्याच्या साधेपणामुळें. आपला नायक म्हणजे सरकारच्या हातांतील एक बोथट हत्यार. त्याच्या भोंवतीं विलक्षण गोष्टी घडाव्या, परंतु तो स्वतः विलक्षण नसावा, अशी आपली कल्पना होती, असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. येथें एक अडचण उत्पन्न होते. मुद्दाम रंगहीन ठेवलेला माणूस वाचकाच्या डोळ्यांपुढें उभा कसा राहावा ? फ्लेमिंगनें शोधलेला तोडगा असा, कीं माणसाऐवजीं त्याच्या वस्तूंचें वर्णन करावयाचें, आणि तेंही नांवनिशीवार. तो कोणत्या दुकानाच्या सिगारेटी ओढतो, त्यांवर सोनेरी पट्टे किती, मोटार कोणत्या कारखान्याची, मनगटावर घड्याळ कोणतें, न्याहारीचें अंडें किती मिनिटें उकडलेलें लागतें, हें सर्व वाचकाला कळतें. त्याच्या मनांत काय चाललें आहे हें क्वचितच कळतें. या आवडीनिवडींपैकीं बऱ्याचशा फ्लेमिंगच्या स्वतःच्याच होत्या. त्या सिगारेटीही त्याच्याच.

हा तोडगा इतका लागू कां पडला, हें समजण्यास तें साल ध्यानीं घेतलें पाहिजे. १९५३ मध्यें विलायतेंत अद्याप रेशन चालू होतें. मांसावरील नियंत्रण उठावयास जुलै १९५४ उजाडला. अशा वेळीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हॉटेलांत बसून कॅव्हिआर, मांसाचे निवडक पदार्थ आणि शँपेन मागविणारा एक इंग्रज वाचकांच्या भेटीस आला. त्याच्या पिस्तुलाइतकीच त्याच्या ताटाचीही भुरळ त्यांना पडली असल्यास नवल नाहीं. शिवाय तो देश केवळ पोटानेंच उपाशी होता असें नव्हे. १९४७ सालीं हिंदुस्थान हातचा गेला होता. १९५१ सालीं बर्जेस व मॅक्लीन हे परराष्ट्रखात्यांतील दोन अधिकारी रशियाला जाऊन मिळाले होते. १९५६ सालीं सुवेझच्या प्रकरणीं नामुष्की पदरीं आली, आणि प्रकृति ढासळलेले मुख्य प्रधान ईडन विश्रांतीसाठीं जमेकाला गेले ते नेमके फ्लेमिंगच्याच घरीं जाऊन राहिले. साम्राज्य आटत चाललेल्या राष्ट्राला, आपला एक माणूस अजून एकटा जाऊन जगाचा निकाल लावूं शकतो, ही कल्पना गोड वाटणारच. त्या राष्ट्राच्या मुख्य प्रधानानें त्याच कल्पनेच्या घरीं पाहुणा म्हणून जावें, हा योगायोग एखाद्या कादंबरीकारानें रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. फ्लेमिंगच्या घराचें नांव मात्र त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून सर्वत्र झालें.

वस्तूंच्या या नांवांना केवळ बडेजाव म्हणून झटकून टाकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. असंभाव्य कथेला संभाव्यतेचा आधार देण्याची ती एक युक्ति आहे, आणि फ्लेमिंगला ती उत्तम साधली होती. तथापि त्या युक्तींतच पुढील सर्व व्यापाराचें बीज होतें. १९५६ सालीं जेफ्री बूथरॉइड नांवाच्या एका शस्त्रतज्ज्ञ वाचकानें त्याला पत्र लिहून कळविलें, कीं नायकाजवळील बेरेटा हें पिस्तूल बायकांच्या हातीं शोभणारें आहे. फ्लेमिंगनें तें मानलें. १९५८ च्या 'डॉक्टर नो' या कादंबरींत नायकाचें जुनें पिस्तूल काढून घेऊन त्याला वॉल्थर देण्यांत आलें, आणि देणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव मेजर बूथरॉइड असें ठेवण्यांत आलें. हा बदल इतक्या सहज झाला याचें कारण उघड आहे. पिस्तूल बदलल्यानें माणसांत कांहींच बदलत नव्हतें. ही सोय लेखकाला सांपडली. व्यापाऱ्यांना सांपडावयास अजून थोडीं वर्षें होतीं.

फ्लेमिंग स्वतः व्यवहारांत भोळा होता असें मात्र कोणीं समजूं नये. १९५२ सालींच ग्लिडरोज नांवाची एक लहान कंपनी विकत घेऊन लेखनाचे हक्क त्यानें तिच्याकडे सोंपविले. पहिल्या पुस्तकाच्या वेष्टनाची कल्पनाही त्याचीच. तरीही आरंभींचें यश बेताचें होतें. १९५४ सालीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर 'कॅसिनो रॉयल'चा तासाभराचा खेळ झाला, त्यांत नायकाला अमेरिकन करून 'जिमी' म्हणण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं तिकडे निघालेल्या स्वस्त आवृत्तींत कादंबरीचें नांवच बदलून टाकलें गेलें, आणि त्याच वर्षीं तिच्या चित्रपटाचे हक्क अवघ्या सहा हजार डॉलरला विकले गेले. वारें फिरलें तें त्यानंतर. १९५६ पासून 'डेली एक्स्प्रेस'मध्यें कादंबरी क्रमशः येऊं लागली, १९५८ पासून त्याच पत्रांत चित्रमालिका सुरू झाली, आणि पॅन या संस्थेच्या स्वस्त आवृत्त्या रेल्वेच्या प्रवाशांच्या खिशांत जाऊन बसल्या. १९६१ सालीं अध्यक्ष केनेडी यांच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी 'लाइफ' साप्ताहिकांत छापून आली, तींत 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चा समावेश होता. त्यापुढें अमेरिका जिंकावयाची राहिली नाहीं. टीकाकारांपैकीं पॉल जॉन्सन यानें १९५८ सालींच कामुकता, क्रौर्य आणि उच्चभ्रूपणाचा सोस असा त्रिविध आरोप या पुस्तकांवर केला होता. त्या आरोपांत तथ्य आहे हें कोणाही निःपक्षपाती वाचकाला मान्य करावें लागेल. स्त्रियांविषयीं आणि गौरेतर वंशांविषयीं या पुस्तकांतून जें आढळतें तें आज वाचवत नाहीं.

परंतु तीं पुस्तकें सलग वाचलीं असतां आणखी एक हकीकत दिसूं लागते, आणि तिच्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं असें आमचें मत आहे. आपणच रिता ठेवलेल्या या माणसांत जीव ओतण्याचा प्रयत्न फ्लेमिंग पुनःपुन्हां करीत होता. पहिल्याच कादंबरींत नायक इस्पितळांत पडला असतां, आपण कोणाच्या वतीनें कोणाला मारतों आणि दुष्ट कोणाला म्हणावें, या प्रश्नानें व्याकुळ होतो आणि नोकरी सोडण्याचें मनांत आणतो. १९५५ च्या 'मूनरेकर'मध्यें कळतें, कीं वर्षाकांठीं दोन-तीनच मोहिमा त्याच्या वांट्याला येतात. बाकीचे दिवस कचेरींत कागद चाळण्यांत जातात, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं या विशेष कामांतून निवृत्त व्हावयाचें हा खात्याचा नियम आहे. कादंबरीच्या शेवटीं ज्या तरुणीची तो वाट पाहत असतो ती आपल्या नियोजित वराकडे निघून जाते, आणि हा एकटाच मागें राहतो. १९५७ सालीं तर 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या शेवटच्या ओळींत विषबाधेनें नायक जमिनीवर कोसळतो, आणि लेखक तेथेंच पुस्तक मिटतो.

याहून महत्त्वाच्या तीन कृति आहेत. १९६० च्या संग्रहांतील 'क्वांटम ऑफ सोलेस' या कथेंत बाँड कांहींच करीत नाहीं. नॅसॉच्या गव्हर्नराकडे भोजन आटोपल्यावर तो एका सामान्य सरकारी नोकराच्या मोडलेल्या संसाराची गोष्ट ऐकत बसतो. बायको बहकली, नवऱ्यानें तिला क्षमा तर केली नाहींच, उलट घराची वांटणी करून एकाच छपराखालीं तिला परकी केलें आणि शेवटीं निष्कांचन अवस्थेंत टाकून दिलें. दोन माणसांतील नातें कशावर टिकतें, आणि दयेचा शेवटचा कणही उरला नाहीं म्हणजे काय होतें, हा त्या कथेचा विषय आहे. जी स्त्री त्या रात्रीं पंक्तीला बसली होती आणि बाँडला कंटाळवाणी वाटली होती, तीच ती, हें अखेरीस कळतें. आणि आपलीं साहसें या संसाराच्या गोष्टीपुढें त्याला पोकळ वाटूं लागतात. सॉमरसेट मॉमच्या शेजारीं बसवावी अशी ही कथा आहे. दुसरी कृति १९६२ ची 'द स्पाय हू लव्ह्ड मी' ही कादंबरी. ती एका तरुणीच्या मुखानें सांगितलेली आहे. बाँड तींत फार उशिरां येतो आणि लौकरच जातो. तिसरी 'ऑक्टोपसी' ही कथा, लेखकाच्या पश्चात् १९६६ सालीं ग्रंथरूपानें आलेली. जमेकांत येऊन राहिलेला एक निवृत्त मेजर, युद्धाच्या शेवटीं सोन्याच्या लोभानें त्यानें केलेला खून, आणि इतक्या वर्षांनंतर दारांत येऊन उभा राहिलेला जाब विचारणारा, एवढाच तिचा विस्तार. जाब विचारणारा तो बाँड; कथा त्या मेजराची.

या प्रयत्नांचें पुढें काय झालें ? 'द स्पाय हू लव्ह्ड मी'वर टीकाकार तुटून पडले, वाचक नाराज झाले. लेखक इतका खचला, कीं तिची स्वस्त आवृत्ति काढूं नये असें त्यानें प्रकाशकांना सांगितलें, आणि चित्रपटासाठीं तिचें केवळ नांव वापरण्याची परवानगी दिली. १९७७ सालीं त्या नांवाचा चित्रपट आला, त्यांत त्या तरुणीचा मागमूस नव्हता. १९७९ सालीं 'मूनरेकर' आला, त्यांत कचेरींत कंटाळणारा हा नोकर चक्क अंतराळांत गेला. १९८३ सालीं 'ऑक्टोपसी' आला, तो उदेपूरच्या महालांत चित्रित झालेला, कबीर बेदी व विजय अमृतराज यांना घेऊन. आम्ही त्या वेळीं शाळकरी होतों, आणि आपला देश पडद्यावर पाहून हरखून गेलों होतों. मूळ कथेंतील मेजराचें दुःख त्यांत नायिकेच्या तोंडच्या दोन-चार वाक्यांपुरतें उरलें होतें, हें कळावयास आम्हांला वीस वर्षें लागलीं. २००८ सालीं 'क्वांटम ऑफ सोलेस' आला, त्यांतही कथेचें नांव तेवढें राहिलें. जेथें जेथें फ्लेमिंगनें आपल्या पात्राकडे माणूस म्हणून पाहिलें, तेथें तेथें व्यापारानें नांव ठेवून घेतलें आणि माणूस परत केला.

चित्रपटांच्या निर्मात्यांचें कर्तृत्व लहान आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हॅरी सॉल्ट्झमन व आल्बर्ट ब्रॉकोली यांनीं १९६१ सालीं ईऑन ही संस्था काढली, आणि ऑक्टोबर १९६२ मध्यें 'डॉक्टर नो' लंडनला प्रकाशित झाला. नायकाचें काम एडिंबरोच्या कामगारवस्तींतून आलेल्या, एके काळीं दूध पोंचविण्याचें काम केलेल्या शॉन कॉनरीकडे होतें. निर्मात्यांना प्रथमच उमगलें तें हें, कीं प्रेक्षकाला दर वेळीं नवी कथा हवी असते, परंतु तिचा उंबरठा जुनाच हवा असतो. आपल्या संगीत नाटकांत पडदा उघडतांना नांदी होई. तशीच येथें मॉरिस बाइंडरनें रचलेली, पिस्तुलाच्या नळींतून नायक दाखविणारी आरंभींची चित्रचौकट आणि तिच्याबरोबर ती सुरावट. त्या सुरावटीची कुळकथा आपल्या दृष्टीनें मोठी चमत्कारिक आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर संगीतिका रचण्याचें माँटी नॉर्मन याच्या मनांत होतें. तो बेत तडीस गेला नाहीं. त्यासाठीं बांधलेल्या एका हिंदी वळणाच्या गीताची चाल त्यानें तुटक करून या हेराला दिली, आणि जॉन बॅरीनें तिला वाद्यमेळाचा पोशाख चढविला. त्रिनिदादमधील एका हिंदी माणसाच्या घरासाठीं बांधलेले सूर असे इंग्रज हेराच्या घरीं नांदावयास गेले.

यानंतर छाप पडद्यावरून पुस्तकावरही उमटूं लागली. १९६३ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या कादंबरींत नायकाचे वडील स्कॉटिश असल्याचें निघतें, आणि आल्प्समधील उपाहारगृहांत बसलेल्या मंडळींत उर्सुला आंद्रेस या नटीचा नांवानिशीं उल्लेख येतो. आदल्या वर्षीं 'डॉक्टर नो'ची नायिका झालेली ती हीच. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधील ॲस्टन मार्टिन मोटारीची लहान प्रतिकृति १९६५ सालीं कॉर्गी या खेळण्यांच्या कारखान्यानें बाजारांत आणली, ती लाखों मुलांच्या हातीं गेली. कादंबरींतील रोलेक्स घड्याळ पडद्यावर कांहीं वर्षें टिकलें, मग सीको आलें, १९९५ पासून ओमेगा आलें. त्याच वर्षीं ॲस्टन मार्टिनच्या जोडीला बीएमडब्ल्यू आली. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्यें हायनेकन कंपनीशीं करार झाल्यामुळें मद्याविषयीं इतका चोखंदळ असलेला हा गृहस्थ बियर पितांना दिसला. मोटार बदलली, घड्याळ बदललें. १९६९ पासून नटही बदलूं लागले आणि २०२१ पर्यंत सहा झाले. बूथरॉइडच्या पत्रानें जी सोय उघडकीस आणली होती, तिचा हा पूर्ण विस्तार होय.

उरला होता लेखक. तो ऑगस्ट १९६४ मध्यें, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें वारला. तत्पूर्वीं १९६३ सालीं 'थंडरबॉल'च्या कथेचे मालक कोण या वादांत त्याला न्यायालयांत उभें राहावें लागलें होतें, कारण ती कथा मुळांत इतर दोघांच्या मदतीनें चित्रपटासाठीं रचलेली होती. १९६४ सालींच ग्लिडरोज कंपनीचा एक्कावन्न टक्के हिस्सा बुकर या व्यापारी संस्थेनें विकत घेतला. ब्रिटिश गियानांतील उंसाचे मळे हा या संस्थेचा मूळ धंदा. ज्या वसाहतींत १८३८ पासून आपले हिंदी मजूर करारावर नेले जात होते तीच ही वसाहत. ग्रंथहक्कांच्या या नव्या व्यवसायांतूनच पुढें बुकर पारितोषिक जन्मास आलें आणि १९६९ सालीं प्रथम दिलें गेलें. १९८१ सालीं सलमान रश्दी, १९९७ सालीं अरुंधती रॉय यांना तें मिळालें तेव्हां आपल्या घरोघरीं आनंद झाला. त्या आनंदांत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या पारितोषिकाच्या मुळाशीं साखर आणि हा हेर हे दोघेही आहेत, हें वाचकांस ठाऊक असावें.

लेखक गेला तरी पुस्तकें थांबलीं नाहींत. १९६८ सालीं किंग्सली एमिस यानें रॉबर्ट मार्कम या टोपणनांवानें 'कर्नल सन' लिहिली. १९८१ पासून जॉन गार्डनर, नंतर रेमंड बेन्सन, २००८ सालीं सेबॅस्टियन फॉक्स, पुढें विल्यम बॉइड, अँथनी हॉरोविट्झ, असे एकामागून एक लेखक या गादीवर बसविण्यांत आले. त्यांतील कांहीं मोठ्या योग्यतेचे आहेत. परंतु दुसऱ्याच्या नायकाला म्हातारा करण्याचा, त्याचें लग्न टिकविण्याचा किंवा त्याला चुकीबद्दल पश्चात्ताप देऊन कायमचा बदलण्याचा अधिकार त्यांच्यापैकीं कोणाला कितपत असणार ? पंचेचाळिसाव्या वर्षीं निवृत्त व्हावयाचा हा नोकर अद्याप कामावर आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं वाचकाला तोच नायक पुनःपुन्हां हवा असतो, यांत नवें काय ? आमच्या मराठींत बाबूराव अर्नाळकरांनीं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतील झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठीं वाचनालयांत रांगा लागत. शेरलॉक होम्सला कॉनन डॉईलनें १८९३ सालीं कड्यावरून लोटला, आणि वाचकांच्या आग्रहापुढें त्याला पुढें परत आणावा लागला. हें सर्व खरें आहे, आणि रंजक वाङ्मयाला तुच्छ लेखणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. परंतु तेथें आग्रह वाचकाचा होता आणि निर्णय लेखकाचा. छापेच्या बाबतींत निर्णय कराराच्या कागदावर असतो. २००६ ते २०२१ या काळांत डॅनियल क्रेग या नटाच्या चित्रपटांनीं नायकाला वय, जखमा आणि आठवणी देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हेंही आम्ही आनंदानें मान्य करितों. पहिल्या कादंबरीचें दुःख २००६ च्या 'कॅसिनो रॉयल'मध्यें बरेचसें उतरलें होतें. पण माणूस म्हटला कीं त्याला शेवट आला. 'नो टाइम टु डाय'मध्यें नायक खरोखर मेला, आणि नामावलीच्या अखेरीस नेहमींप्रमाणें सूचना झळकली, कीं जेम्स बाँड परत येईल. २०२२ सालीं ॲमेझॉननें एमजीएम कंपनी विकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें या चित्रपटांच्या निर्मितींतील निर्णयाचा अधिकारही ब्रॉकोली कुटुंबाकडून त्या कंपनीकडे गेला.

छापेची सत्ता किती दूरवर पोंचते याचें आणखी एकच उदाहरण देतों. ज्या गुप्त खात्याचा हा नोकर, त्या खात्याला ब्रिटिश सरकारनें कायद्यानें मान्यता दिली ती १९९४ सालीं. म्हणजे चाळीस वर्षेंपर्यंत खोटा हेर सर्व जगाला माहीत, आणि खरें खातें मात्र सरकारदरबारीं नाहींच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या चित्रफितींत खुद्द राणी एलिझाबेथ या हेराबरोबर राजवाड्यांतून निघतांना दिसल्या. राष्ट्रानें आपल्या गौरवाच्या प्रसंगीं वाल्मीकि-व्यासांऐवजीं शेक्सपियर-डिकन्स मिरवावे हें आपण समजूं शकतों. येथें मिरविलें गेलें तें एक व्यापारचिन्ह होतें.

आतां कायद्याची गोष्ट. ग्रंथावरील लेखकाच्या हक्काला मुदत असते. आपल्या देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें भरलीं, कीं त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालेलीं पुस्तकें सर्वांचीं होतात. फ्लेमिंगच्या बाबतींत ही मुदत १९२४ च्या नव्हे, २०२४ च्या अखेरीस संपली. विलायतेंत ती सत्तर वर्षांची असल्यामुळें २०३४ पर्यंत चालेल. व्यापारचिन्हाला मात्र अशी अखेर नाहीं. दर दहा वर्षांनीं शुल्क भरून तें कितीही काळ नवें करतां येतें. आम्ही एवढे दिवस साहित्याच्या भाषेंत जें मांडूं पाहत होतों तें कायद्यानें नेमकें सांगून ठेवलें आहे. ग्रंथ हा माणसासारखा आहे. त्याला वय आहे, आणि एके दिवशीं तो सर्वांच्या स्वाधीन होतो. छाप कंपनीचीच राहते.

याचा एक लाभ मराठी वाचकाला घेतां येण्यासारखा आहे. १९६० ची ती नॅसॉची कथा आज कोणीही, कोणाची परवानगी न मागतां, मराठींत आणूं शकतो. घड्याळ, मोटार, सुरावट यांपैकीं कांहींच तींत नाहीं, त्यामुळें कोणाच्या चिन्हाला धक्का लागण्याचेंही भय नाहीं. आम्हीं आमच्या वर्गाला ती वाचावयास दिली. तास संपल्यावर एक विद्यार्थी जवळ येऊन म्हणाला, "सर, यांत बाँड कांहींच करीत नाहीं. नुसता ऐकतो." आम्हीं म्हटलें, "मग तुम्हांला काय वाटलें ?" तो जरा थांबून म्हणाला, "त्या बाईची आठवण राहिली." सुटींत ती कथा मराठींत उतरवून पाहा, असें आम्हीं त्याला सुचविलें. पहिलीं चार पानें त्यानें आणून दिलीं आहेत, आणि शीर्षकांतील शेवटच्या शब्दाला 'दिलासा' म्हणावें कीं 'समाधान', यावर आमचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.